‘देव एकच’ म्हटल्यावर मक्केत काय काय हललं

इस्लामचा विषय निघाला की ‘एकेश्वरवाद’ हा शब्द आपण चटकन वापरतो आणि पुढे जातो. ते एकच देव मानतात, मूर्ती पूजत नाहीत, झालं. पण गोष्ट एवढीच असती तर सातव्या शतकात मक्केच्या व्यापाऱ्यांनी त्यापायी आपल्याच भावकीतल्या माणसांचा छळ केला नसता. एक देव मानणारी माणसं त्यांना नवी नव्हती. यसरिबमध्ये, म्हणजे पुढच्या मदिनेत, ज्यू राहत होते. दक्षिणेला नजरानमध्ये ख्रिस्ती होते. येमेनच्या हिम्यर राजांचे शिलालेख तर चौथ्या शतकापासूनच जुने देव सोडून ‘रहमानान’ या एकाच देवाचं नाव घेऊ लागले होते. मक्केचे तांडे या सगळ्यांच्या गावांवरून जात, त्यांच्याशी व्यवहार करत. त्यांच्या एका देवाचा मक्केला कधी त्रास झाला नाही.

मग इ.स. 610च्या सुमारास मक्केतल्याच एका चाळिशीच्या माणसाने तेच सांगायला सुरुवात केल्यावर गाव का पेटलं?

कारण मक्केत देव, कूळ, जिवाची हमी आणि बाजार या चार गोष्टी एकाच दोरीत गुंफलेल्या होत्या. दोरीचा एक पदर ओढला की बाकीचे आपोआप सैल पडत. इस्लामने समाज कसा बदलला हे समजायचं तर ही दोरी आधी उलगडून पाहायला हवी. तसं केलं नाही तर एकेश्वरवाद म्हणजे नुसती देवांची मोजदाद वाटत राहते.

अल्लाह आधीपासून होताच

पुष्कळांना वाटतं की ‘अल्लाह’ हा देव मुहम्मद पैगंबरांनी नव्याने आणला. तसं नाही. मक्केचे लोक अल्लाहला मानत होते. कुराणातच म्हटलंय की, यांना विचारा आकाश आणि पृथ्वी कुणी निर्माण केली, तर ते म्हणतील अल्लाहने. पैगंबरांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह, म्हणजे अल्लाहचा दास, आणि ते इस्लामच्या कितीतरी आधीचं.

पण हा अल्लाह दूरचा होता. जग त्याने घडवलं खरं, रोजच्या कटकटी मात्र त्याच्याकडे न्यायच्या नसत. त्यासाठी जवळचे देव होते. ताइफला लात, नख्लाच्या खोऱ्यात उज्जा, मक्का-मदिना वाटेवर कुदैदजवळ मनात. मक्केतल्या काबा या पवित्र देवघरात हुबलची मूर्ती होती आणि तिच्यासमोर बाण टाकून कौल लावत. परंपरा सांगते की पैगंबरांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी एक मुलगा बळी देण्याचा नवस केला होता आणि कौल निघाला तो अब्दुल्लाहच्या नावाचा. मग मुलाच्या बदल्यात दहा उंट ठेवून पुन्हा बाण टाकले. कौल पुन्हा मुलावरच. आणखी दहा उंट, पुन्हा मुलगा. असं करत करत शंभर उंटांवर कौल फिरला आणि मुलगा वाचला. हाच अब्दुल्लाह पुढे पैगंबरांचा बाप झाला. या गोष्टी पहिल्यांदा लिहून ठेवणारे इतिहासकार शंभर-दीडशे वर्षांनंतरचे आहेत, त्यामुळे तपशील अक्षरशः घेऊ नयेत. पण देवाशी चाललेली ही घासाघीस त्या काळाचं मन नेमकं दाखवते. देव म्हणजे सौदा करता येईल असं मोठं माणूस.

कुराणात मक्केच्या लोकांचा युक्तिवाद त्यांच्याच तोंडून आला आहे. ते म्हणतात, आम्ही या देवतांना पूजतो ते केवळ त्यांनी आम्हाला अल्लाहच्या जवळ न्यावं म्हणून. कुराणाचा आक्षेप नेमका या मधल्या माणसांवर आहे. अल्लाहच्या अधिकारात दुसऱ्या कुणाला भागीदार करणं याला ‘शिर्क’ म्हणतात, आणि असा कुणी भागीदार नाही हे मानणं म्हणजे ‘तौहीद’. इस्लाममध्ये शिर्कपेक्षा मोठं पाप नाही.

कुराणातलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हे लोक गलबतात बसतात, वादळ आलं की अगदी मनापासून फक्त अल्लाहला हाका मारतात. आणि त्याने सुखरूप किनाऱ्याला लावलं की पुन्हा त्याचे भागीदार उभे करतात. म्हणजे संकटात कुणाला हाक मारायची हे त्यांना ठाऊक होतं. तौहीदची मागणी एवढीच होती की जमिनीवर, बाजारात, भांडणात आणि वाटणीतही तोच राहू द्या.

कूळ हेच पोलीस, कूळ हेच कोर्ट

मक्का-मदिनेच्या त्या मुलखात राजा नव्हता, कोतवाली नव्हती, न्यायाधीश नव्हता. माणसाचा जीव सुरक्षित राहायचा तो एकाच भीतीने. याला मारलं तर याचं कूळ सूड घेईल. आणि सूड घ्यायचा तर खुनी माणूसच हवा असं नव्हतं. त्याच्या कुळातला कुणीही चालायचा. ज्याचं कूळ मोठं त्याच्या रक्ताची किंमत मोठी. एकाच्या बदल्यात दोन मागणारी घराणीही होती. यसरिबमध्ये औस आणि खजरज या नात्यातल्याच दोन जमाती पिढ्यान्‌पिढ्या अशा रक्तात बुडाल्या होत्या. 617च्या सुमाराला बुआसच्या लढाईत दोघांचेही म्होरके पडले, तरी वैर मिटलं नव्हतं.

या व्यवस्थेत ज्याला कूळ नाही त्याला कुणीच नाही. गुलाम, परका, अनाथ पोर, विधवा. कुराणाचे सुरुवातीचे अध्याय याच माणसांकडे पुन्हा पुन्हा का वळतात ते इथे कळतं. पैगंबर स्वतः अनाथ होते. बाप जन्माआधी गेला, आई सहाव्या वर्षी. आधी आजोबांनी सांभाळलं, मग चुलते अबू तालिब यांनी.

नवा धर्म सांगायला लागल्यावरही पैगंबर मक्केत दहा-बारा वर्षं जिवंत राहिले तेही या कुळाच्या व्यवस्थेमुळेच. अबू तालिबनी नवा धर्म स्वीकारला नव्हता, पण पुतण्याला त्यांनी शेवटपर्यंत उघड्यावर टाकलं नाही. मक्केची मुख्य जमात म्हणजे कुरैश. तिच्यातल्या बाकी घराण्यांनी पैगंबरांचं घराणं बनू हाशिम आणि त्याच्या जवळचं बनू मुत्तलिब यांच्यावर बहिष्कार घातला. सोयरीक बंद, खरेदी-विक्री बंद. तो दोन-तीन वर्षं चालला आणि त्यात मुसलमान नसलेले हाशिमीही उपाशी राहिले, कारण प्रश्न धर्माचा नसून कुळाचा होता. 619मध्ये अबू तालिब वारले. कुळाची सूत्रं दुसरे चुलते अबू लहब यांच्याकडे गेली आणि त्यांनी संरक्षण काढून घेतलं. त्यानंतर ताइफहून दगडांचा मार खाऊन परतलेल्या पैगंबरांना मक्केत पाऊल टाकण्यासाठी मुतइम बिन अदी या मूर्तिपूजक सरदाराचा आसरा घ्यावा लागला. माणूस कितीही मोठा असो, कुणाच्या तरी सावलीशिवाय तो मक्केत उभा राहू शकत नव्हता.

आता या समाजाला कुराण काय ऐकवत होतं ते पाहा. एक दिवस असा येईल की माणूस आपल्या भावापासून पळेल, आईपासून, बापापासून, बायकोपासून, मुलांपासून. प्रत्येकाला स्वतःचीच चिंता पुरेशी होईल. आणि दुसरीकडे, कुणीही ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही.

आपल्याला हे उपदेशाचं सर्वसाधारण वाक्य वाटेल. मक्केच्या कानांना ते भयंकर होतं. जिथे भावाच्या गुन्ह्यासाठी भाऊ मारला जातो आणि भाऊ पाठीशी आहे म्हणूनच माणूस जगतो, तिथे कुणीतरी सांगतंय की खऱ्या न्यायाच्या दिवशी कूळ तुझ्या उपयोगाचं नाही आणि कुळाचा गुन्हा तुझ्या माथी नाही. न्याय करणारा एकच असेल तर त्याच्यापुढे माणूसही एकटाच उभा राहणार. तौहीदचा सामाजिक अर्थ माझ्या मते इथे आहे. एक देव मानण्यासोबत एकटा, जबाबदार माणूस जन्माला येतो. बाकीचे बदल याच्या पोटातून आले.

यात एक बोचरा सवालही दडलेला होता, आमच्या बापजाद्यांचं काय? त्यांनी जे मानलं ते चुकीचं? कुराणात विरोधकांचं हे म्हणणं वारंवार येतं की आमच्या वाडवडिलांना ज्या वाटेवर पाहिलं त्याच वाटेने आम्ही जाणार. ज्या समाजात माणसाची इभ्रत म्हणजे त्याच्या पूर्वजांची यादी, तिथे पूर्वज अडाणी होते असं म्हणणं हे देवांच्या निंदेपेक्षाही जास्त झोंबणारं होतं.

माप, व्याज आणि बिलालच्या छातीवरचा दगड

मक्केत शेती नव्हती. गाव जगायचं व्यापारावर आणि काबावर. वर्षातले चार महिने पवित्र, त्यांत लढाई वर्ज्य. त्या काळात उकाजसारखे बाजार भरत, यात्रेकरू येत, निरनिराळ्या जमाती आपापल्या दैवतांसाठी काबाला येत. परंपरेत तिथल्या मूर्तींची संख्या 360 सांगितली जाते. मूर्ती हलवल्या तर यात्रा हलेल आणि यात्रा हलली तर बाजार बसेल, ही कुरैशांची भीती खोटी नव्हती.

आणि कुराण त्या बाजारातच शिरत होतं. घेताना माप भरून घेणारे आणि देताना कमी तोलणारे, त्यांच्यावर एक अख्खा अध्याय सुरू होतो. थडग्यात पोचेपर्यंत एकमेकांपेक्षा जास्त जमवण्याची चढाओढ तुम्हाला भुलवत राहिली, असं दुसरा म्हणतो. तिसरा विचारतो, न्यायाच्या दिवसाला खोटं ठरवणारा माणूस पाहिलास का? तो हाच, जो अनाथाला ढकलून देतो आणि गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह धरत नाही. इथे श्रद्धा नसण्याची ओळख पूजेवरून केलेली नाही, अनाथाशी वागण्यावरून केली आहे. एकाच देवाचं सगळं असेल तर धान्य तोलणारा तराजूही त्याच्याच नजरेखाली येतो.

ज्यांना हे आधी पटलं त्यांत काही श्रीमंत होते. पैगंबरांच्या पत्नी खदीजा स्वतः मोठ्या व्यापारी होत्या. पण सर्वांत जास्त मार पडला तो कूळ नसलेल्यांना. सुमय्या ही गुलामगिरीतून आलेली बाई छळात मेली. मुस्लिम परंपरा तिला पहिली हुतात्मा मानते. बिलाल हा मूळचा हबशी, उमय्या बिन खलफचा गुलाम. तापलेल्या वाळूत उताणा पाडून त्याच्या छातीवर मोठा दगड ठेवत आणि लात-उज्जाचं नाव घे म्हणत. तो एकच शब्द बोलत राहिला, ‘अहद, अहद’. एक, एक. शेवटी पैगंबरांचे जवळचे साथीदार अबू बकर यांनी त्याला विकत घेऊन मुक्त केलं.

धन्याला गुलामाच्या त्या शब्दाचा एवढा संताप का यावा? कारण गुलामाला स्वतःचा देव असू शकतो, तो धन्याच्या देवापेक्षा मोठा असू शकतो आणि धन्यालाही त्याच्यापुढे हिशेब द्यावा लागेल, हे सगळं त्या एका शब्दात होतं.

मदिनेतली घडी

622मध्ये पैगंबर आणि त्यांचे साथीदार मक्का सोडून यसरिबला गेले. हीच हिजरत, इस्लामी सनाची सुरुवात. स्वतःचं कूळ सोडून, फक्त श्रद्धेच्या नात्यावर दुसऱ्या गावी जाऊन राहणं हे त्या समाजात जवळजवळ अशक्य कोटीतलं होतं. मक्केहून आलेल्यांना तिथे घर नाही, शेत नाही, सूड घेणारं कूळही नाही.

तिथे एक करार झाला. त्याचा मजकूर आपल्यापर्यंत पोचला आहे आणि बहुतेक अभ्यासक तो अस्सल मानतात. त्यात कुरैशांतले आणि यसरिबचे श्रद्धावंत मिळून बाकीच्यांपासून वेगळी अशी एक ‘उम्मा’, म्हणजे एक समुदाय, आहे असं म्हटलंय. औफ घराण्याचे ज्यू श्रद्धावंतांसोबत एक उम्मा आहेत, त्यांचा धर्म त्यांना आणि मुसलमानांचा मुसलमानांना, असंही आहे. भांडण झालं तर अल्लाह आणि मुहम्मद यांच्यापुढे आणायचं. खुनी कुणाचाही मुलगा असला तरी सगळ्यांनी मिळून त्याच्या विरोधात उभं राहायचं. कुळं मोडली नाहीत. खुनाची भरपाई कुळानेच गोळा करायची होती. पण कुळाच्या वर एक दाद मागण्याची जागा तयार झाली, आणि हा फरक लहान नव्हता. पुढे कुराणाने सूडाला माप घातलं. जिवाला जीव, त्याहून जास्त नाही, आणि वारसांनी माफ केलं किंवा भरपाई घेतली तर अधिक चांगलं.

या कराराची पुढची कहाणी दुःखाची आहे आणि ती झाकून पुढे जाणं योग्य नाही. मदिनेच्या मोठ्या ज्यू जमातींशी संबंध बिघडत गेले. कैनुका आणि नजीर या दोघांना गाव सोडावं लागलं. 627मध्ये खंदकाच्या लढाईनंतर कुरैजा जमातीवर शत्रूशी संधान बांधल्याचा ठपका आला, त्यांचे पुरुष मारले गेले, बायकामुलं गुलाम झाली. नवी उम्मा जसजशी आकार घेत गेली तसतशी तिची सीमाही कडक होत गेली.

आलेल्या निर्वासितांची सोय कशी लावली हे पाहण्यासारखं आहे. मक्केचा एक आणि मदिनेचा एक अशा जोड्या लावून त्यांना भाऊ ठरवलं गेलं. सुरुवातीला हे भाऊ एकमेकांचे वारसही होत. अब्दुर रहमान बिन औफ यांची जोडी मदिनेच्या साद बिन रबी यांच्याशी लागली. साद म्हणाले, माझी अर्धी संपत्ती तुझी. अब्दुर रहमाननी आशीर्वाद दिला आणि म्हणाले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखव. पनीर आणि तूप विकत त्यांनी धंदा उभा केला.

हेच साद 625मध्ये उहुदच्या लढाईत पडले. मागे बायको आणि दोन मुली. सादच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. जुन्या रिवाजाप्रमाणे यात काहीच वावगं नव्हतं. जो भाला चालवतो, कुळाचं रक्षण करतो, वारसा त्याचा. बायको दोन्ही मुलींना घेऊन पैगंबरांकडे आली. म्हणाली, या सादच्या मुली, यांचा बाप तुमच्यासोबत लढताना गेला, आणि चुलत्याने यांच्यासाठी काहीच ठेवलं नाही. पैशाशिवाय यांची लग्नं कशी व्हायची? परंपरा सांगते की यानंतर वारशाच्या आयती, म्हणजे कुराणातली वचनं, आल्या आणि पैगंबरांनी त्या भावाला निरोप धाडला, मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, उरेल ते तुझं.

हिशेब करून पाहा. मालमत्तेचे 24 भाग केले तर मुलींना मिळून 16, आईला 3, चुलत्याला 5. आदल्या दिवशी ज्याच्याकडे 24 होते त्याच्याकडे 5 उरले. आणि हे हिस्से कुणाच्या मर्जीवर किंवा दयेवर ठेवलेले नाहीत. कुराण त्यांना अल्लाहने ठरवून दिलेला वाटा म्हणतं, त्यामुळे कुळाचा म्होरकाही ते बदलू शकत नाही. एक देव आणि बाईचा सातबारा यांचा संबंध काय असं कुणी विचारलं तर सादच्या घराची ही वाटणी दाखवावी.

आजच्या नजरेने यात उणिवा दिसतात, आणि त्या आहेतच. मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा. बायकांच्या संख्येवर चारची मर्यादा आली, पण बहुपत्नीत्व राहिलं. घरात पुरुषाचा वरचष्मा राहिला. तरीही मेहेर, म्हणजे लग्नात नवऱ्याने द्यायचा ऐवज, बापाऐवजी खुद्द वधूच्या हाती पडू लागला, आणि जिवंत पुरलेल्या मुलीला न्यायाच्या दिवशी विचारलं जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं, हे वाक्य बापांना ऐकावं लागलं. त्या प्रसंगात उत्तर देणारी ती मुलगी आहे. कूळ नाही, आई नाही. ती एकटीच.

जकात या दानाबद्दल थोडक्यात. वर्षभर जवळ राहिलेल्या, ठरावीक मर्यादेच्या वरच्या सोन्या-चांदीवर चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, आणि जनावरं-पिकांवर वेगळे दर. अरबी माणूस उदारपणासाठी आधीपासूनच प्रसिद्ध होता, पाहुण्यासाठी उंट कापणारा. पण त्या उदारपणाने देणाऱ्याचं नाव व्हायचं. जकात हा गरिबाचा हक्क मानला गेला, त्यामुळे घेणाऱ्याने मिंधं होण्याचं कारण उरलं नाही.

अराफातपर्यंतची वाट

630मध्ये मक्का जवळजवळ रक्तपाताविना हाती आली. काबामधल्या मूर्ती काढल्या गेल्या. बिलालला काबाच्या छतावर चढून अजान द्यायला सांगितलं. ज्याच्या छातीवर याच गावात दगड ठेवला होता तो आता गावाच्या सर्वांत पवित्र जागेवरून हाक देत होता. ते पाहायला आपला बाप जिवंत नाही हे बरंच झालं, असे उद्गार काही कुरैशी सरदारांनी काढल्याचं परंपरेत नोंदलंय.

पण समतेचं याहून बारीक आणि मला अधिक आवडणारं उदाहरण हजमधलं आहे. कुरैश स्वतःला ‘हुम्स’ म्हणवत, म्हणजे धर्माच्या बाबतीत कडवे, खास. आम्ही अल्लाहच्या घरचे, आम्ही पवित्र हद्दीच्या बाहेर पाऊल टाकणार नाही, असा त्यांचा तोरा. हजच्या वेळी बाकीचे अरब हद्दीबाहेर अराफातच्या मैदानावर जाऊन उभे राहत, कुरैश अलीकडे मुजदलिफालाच थांबत. बाहेरून आलेल्यांनी काबाची प्रदक्षिणा करायची तर हुम्सच्या घरचे कपडे मागून किंवा विकत घेऊन घालायचे. न मिळाले तर नागव्याने करायची. बाईमाणसांनासुद्धा यातून सूट नव्हती.

कुराणाने एका छोट्या वाक्यात हा मान काढून घेतला, जिथून सगळे लोक निघतात तिथूनच तुम्हीही निघा. नागव्याने प्रदक्षिणा बंद झाली. 632मध्ये पैगंबरांनी आपला एकमेव पूर्ण हज केला, तेव्हा सोबतच्या कुरैशांना वाटलं की हे आता मुजदलिफाला थांबणार, आपल्या घराण्याचा रिवाज पाळणार. ते थांबले नाहीत. पुढे गेले, अराफातला, सगळ्यांच्यात. आजही हजचा गाभा म्हणजे अराफातचं ते उभं राहणं, पुरुषांनी बिनशिवणीच्या पांढऱ्या दोन वस्त्रांत. मुजदलिफाची जागा खास कुरैशांची होती हे आता कुणाच्या गावीही नसतं.

तिथल्या भाषणात त्यांनी जुने रक्ताचे सगळे दावे रद्द केले, आणि पहिला रद्द केला तो आपल्याच घराण्याचा. व्याजाचे सगळे व्यवहार रद्द केले, आणि पहिलं रद्द केलं ते आपल्याच चुलत्याचं, अब्बासचं. नियमाची सुरुवात घरापासून झाली म्हणून तो नियम ठरला.

माणूस गेला, मग पुढे?

काही महिन्यांत पैगंबर वारले. त्यांचे साथीदार उमर यांना ते मानवेना. तेव्हा अबू बकर बाहेर येऊन लोकांना म्हणाले, जो कुणी मुहम्मदांची उपासना करत होता त्याने समजावं की मुहम्मद मरण पावले. जो अल्लाहची उपासना करत होता त्याने जाणावं की अल्लाह जिवंत आहे, तो मरत नाही. आपल्या सर्वांत लाडक्या माणसाच्या मृत्यूच्या दिवशी हे बोलायला काय धैर्य लागलं असेल. तौहीदची सर्वांत कठीण परीक्षा मूर्तीपुढे होत नाही, ती अशा वेळी होते.

लगेच दुसरी परीक्षा आली. कित्येक जमाती म्हणू लागल्या की आमचा करार त्या माणसाशी होता. तो गेला, करार संपला. नमाज पढू, पण जकात देणार नाही. जुन्या व्यवस्थेत हे अगदी रास्त होतं. आता खलिफा, म्हणजे पैगंबरांनंतरचे समाजाचे प्रमुख, झालेले अबू बकर म्हणाले, नमाज आणि जकात यांत फरक करणाऱ्याशी मी लढेन, उंट बांधायची दोरी जरी नाकारली तरी. त्या लढायांत राजकारण होतं, सत्ता होती, रक्तही पुष्कळ सांडलं. पण त्यांतून एक गोष्ट पक्की झाली की हे नातं एका माणसाच्या आयुष्यापुरतं नाही.

अबू बकर यांच्यानंतर उमर खलिफा झाल्यावरची एक नोंद सर्व प्रमाण हदीससंग्रहांत, म्हणजे पैगंबर आणि त्यांच्या साथीदारांच्या आठवणींच्या संग्रहांत, आहे. काबाच्या काळ्या दगडाचं चुंबन घेताना ते म्हणाले, तू दगड आहेस हे मला माहीत आहे, तू ना भलं करू शकतोस ना बुरं. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना मी पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं.

तत्त्व एकीकडे, सत्ता दुसरीकडे

इथपर्यंतची कहाणी सुरेख वाटते, पण ती इथे संपत नाही. श्रेष्ठ तो जो अल्लाहला जास्त भिऊन वागतो, जमाती आणि कुळं फक्त ओळखीसाठी, हे कुराणाचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. खिलाफत मात्र शतकानुशतकं कुरैशांच्याच घराण्यांत राहिली. 661मध्ये उमय्या घराण्याकडे सत्ता गेली आणि ती बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. इराणी, बर्बर, तुर्क मुसलमान झाले तरी त्यांना कुठल्यातरी अरब जमातीचे आश्रित म्हणून नाव नोंदवावं लागे. त्यांना ‘मवाली’ म्हणत. अनेक ठिकाणी मुसलमान झाल्यावरही त्यांच्याकडून जिझिया, म्हणजे बिगर-मुसलमानांवरचा कर, वसूल होत राहिला, कारण नाहीतर खजिना रिकामा झाला असता. ज्या समाजाने कुळाशिवायच्या माणसाला जागा दिली, त्याच समाजात शंभर वर्षांच्या आत परक्याला पुन्हा कुळाची सावली शोधावी लागली.

याच काळात तौहीद राज्याची मुद्राही बनली. खलिफा अब्दुल मलिक यांनी जेरुसलेमला उभारलेल्या घुमटात, आणि 696-97च्या सुमारास पाडलेल्या नव्या दिनारांवर, अल्लाह एकच आहे, त्याला कुणी भागीदार नाही, ही अक्षरं आली. आधीच्या नाण्यांवर राजांच्या आकृती असत. नव्या नाण्यावर माणसाचा चेहरा नाही, फक्त वाक्य. राज्य करणारे माणूसच होते, तरी नाण्यावर स्वतःला ठेवण्याची सोय त्यांनी सोडली, हेही नोंदवायला हवं.

अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यांच्या हातीही तेच वाक्य होतं. खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (717 ते 720) यांनी मवालींवरचा हा बोजा उतरवायचा प्रयत्न केला. महसूल घटेल अशी कुरकुर झाली तेव्हा त्यांनी उत्तर पाठवल्याचं सांगतात की अल्लाहने मुहम्मदांना हाक द्यायला पाठवलं, कर गोळा करायला नाही. ते फार जगले नाहीत आणि सुधारणा विरून गेल्या. 750मध्ये उमय्यांची सत्ता उलथली. उलथणाऱ्यांच्या फौजेत खुरासानच्या मवालींचा मोठा वाटा होता. त्यानंतर अरब असणं ही मुसलमानाची वरची पायरी राहिली नाही, इराणी माणसं वजीर झाली.

गुलामगिरी मात्र टिकली. गुलाम मुक्त करणं पुण्याचं, कित्येक चुकांचं प्रायश्चित्तच ते, आणि गुलामाने पैसे फेडून सुटायची मुभा मागितली तर द्यावी असं कुराण सांगतं. पण ती प्रथाच बंद करा असं कुणी म्हटलं नाही, आणि विजयांबरोबर गुलामांचा ओघ वाढत गेला. नवव्या शतकात बसऱ्याच्या खारट दलदलीत हजारो आफ्रिकी गुलाम जमिनीवरचा क्षारांचा थर खरवडून काढत होते. 869मध्ये ते उठले आणि 883पर्यंत खलिफाच्या फौजांशी लढत राहिले. त्यांच्या म्होरक्याने निशाणावर कुराणाची आयत लिहवून घेतली होती, अल्लाहने श्रद्धावंतांचे जीव आणि त्यांची मालमत्ता विकत घेतली आहे, या अर्थाची. अल्लाहने विकत घेतलेल्या माणसाला दुसरा मालक कसा असेल, हे त्या गुलामांना समजावून सांगावं लागलं नसावं. आणि तरीही त्याच म्होरक्याने त्यांना वचन दिलं होतं की तुम्हालाही घरं, संपत्ती आणि गुलाम मिळवून देईन, आणि बसरा पडल्यावर पकडलेल्या माणसांची विक्री त्यांच्याही छावणीत झाली.